हानोव्हेरियन घोडा

हानोव्हेरियन ही जर्मनीच्या नीडर जाक्सन राज्यात, म्हणजे पूर्वीच्या हानोफर संस्थानाच्या प्रदेशात विकसित झालेली घोड्यांची एक जात आहे. जर्मन भाषेत तिला 'हानोफरानर' म्हणतात. सुरुवातीला शेती, बग्गी व घोडदळ यांसाठी पोसलेली ही जात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अश्वक्रीडेकडे वळली. आज ड्रेसाज, अडथळ्यांवरील उड्या आणि तीन प्रकारांची एकत्रित स्पर्धा या तिन्ही ऑलिंपिक अश्वक्रीडांत हानोव्हेरियन घोडे आढळतात. ड्रेसाजमधील यशामुळे या जातीच्या रक्तरेषांचा अभ्यास जगभरचे पैदासकार करतात.

हानोव्हेरियन घोडा 'वॉर्मब्लड' गटात मोडतो. या संज्ञेचा रक्ताच्या तापमानाशी संबंध नाही. अरबी व थरोब्रेड यांसारख्या चपळ, तापट जाती एका टोकाला आणि ओझी ओढणाऱ्या जड, शांत जाती दुसऱ्या टोकाला मानल्यास, या दोहोंच्या मधल्या प्रकृतीच्या घोड्यांना वॉर्मब्लड म्हटले जाते.

शारीरिक वैशिष्ट्ये

प्रौढ हानोव्हेरियन घोड्याची खांद्यापाशी उंची साधारणपणे १६० ते १७० सेंमी असते. काही घोडे याहून उंच असतात. तांबूस, तपकिरी, काळा व करडा हे रंग नेहमी आढळतात. तिरपा व लांब खांदा, मजबूत पाठ, स्नायुयुक्त पुठ्ठे आणि मागच्या पायांची जोरदार रेटणी ही या जातीची अपेक्षित लक्षणे आहेत. साधी चाल, दुडकी व मध्यम दौड या तिन्ही चाली लवचीक, लयबद्ध आणि जमीन व्यापणाऱ्या असाव्यात, असा पैदासकारांचा आग्रह असतो. घोड्याच्या स्वभावालाही तितकेच महत्त्व दिले जाते. स्वाराच्या सूचनेला सहज प्रतिसाद देण्याचा गुण निवड-परीक्षांत स्वतंत्रपणे तपासला जातो.

या जातीच्या घोड्यांच्या डाव्या मांडीवर रोमन लिपीतील 'एच' या अक्षराच्या आकाराचा डाग देण्याची परंपरा आहे. या अक्षराच्या वरच्या टोकांना घोड्यांच्या मुखांचा आकार दिलेला असतो. नीडर जाक्सनमधील जुन्या शेतघरांच्या छपराच्या टोकाशी लाकडी अश्वमुखांची जोडी बसवली जाते. हे चिन्ह त्या जोडीची आठवण करून देते. या राज्याच्या राजचिन्हावरही लाल पार्श्वभूमीवर झेपावणारा पांढरा घोडा आहे.

इतिहास

स्थापना

इ.स. १७१४ ते १८३७ या काळात ग्रेट ब्रिटन व हानोफर या दोन्ही देशांचा राजा एकच होता. या राजवंशातील दुसऱ्या जॉर्जने २७ जुलै १७३५ रोजी त्सेले या गावी शासकीय अश्वपैदास केंद्र स्थापन केले. सामान्य शेतकऱ्याला उत्तम नर घोडा पाळणे परवडत नसे, त्यामुळे गावोगावच्या घोड्यांचा दर्जा खालावलेला होता. यावर उपाय म्हणून केंद्राने चांगले नर स्वतः पाळावेत आणि हंगामात ते ठिकठिकाणच्या पैदास ठाण्यांवर पाठवून शेतकऱ्यांच्या घोड्यांसाठी माफक शुल्कात उपलब्ध करावेत, अशी योजना होती. नर शासनाचा आणि घोडी शेतकऱ्याची ही विभागणी पुढे या जातीच्या जडणघडणीचा पाया ठरली.

आरंभीचे नर प्रामुख्याने होल्स्टाइन प्रदेशातील काळे घोडे होते. भरभक्कम शरीर आणि उचलून टाकलेली पावले यांमुळे ते बग्गीसाठी उपयुक्त होते. इंग्लंडशी असलेल्या राजकीय संबंधांमुळे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात थरोब्रेड घोड्यांचे रक्त या पैदाशीत मिसळू लागले आणि घोडे हलके व चपळ झाले.

एकोणिसावे शतक

नेपोलियनच्या युद्धांत हानोफर फ्रेंचांच्या ताब्यात गेले. त्सेलेचे नर शेजारच्या मेक्लेनबुर्गमध्ये हलवण्यात आले. त्यांतील अनेक परत येऊ शकले नाहीत. युद्धानंतर मेक्लेनबुर्गमधील घोडे व थरोब्रेड यांच्या साहाय्याने पैदास पुन्हा उभी करावी लागली. थरोब्रेडचा वापर अतिरेकी झाल्यावर घोडे शेतीच्या कामाला फार हलके पडू लागले, म्हणून जड बांध्याच्या नरांकडे पुन्हा वळण्यात आले. गरजेनुसार हलके व जड रक्त यांचा तोल बदलत राहण्याची ही प्रक्रिया या जातीच्या इतिहासात वारंवार दिसते.

इ.स. १८६६ मध्ये हानोफर प्रशियात विलीन झाले. त्सेलेचे केंद्र मात्र चालू राहिले. इ.स. १८८८ मध्ये हानोव्हेरियन घोड्यांची अधिकृत वंशावळ नोंदवही सुरू झाली. शेती व बग्गीला चालेल आणि सैन्यालाही खपेल असा घोडा हे त्या काळचे उद्दिष्ट होते.

विसावे शतक

इ.स. १९२२ मध्ये स्थानिक पैदास संस्था एकत्र येऊन हानोव्हेरियन पैदासकार संघ स्थापन झाला. त्याचे मुख्यालय आज फेर्डन या शहरात आहे. पहिल्या महायुद्धानंतर घोडदळाची मागणी घटली आणि शेतीसाठी पुन्हा जड घोड्यांवर भर देण्यात आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले आणि शेतावर घोड्याची गरजच उरली नाही. पैदाशीतील घोड्यांची संख्या झपाट्याने घसरली आणि जातीचे अस्तित्व धोक्यात आले. अशा वेळी पैदासकारांनी स्वारीचा क्रीडा घोडा हे नवे उद्दिष्ट स्वीकारले. इ.स. १९४९ मध्ये फेर्डन येथे स्वारीच्या घोड्यांचा पहिला लिलाव झाला. प्रशिक्षित घोडे थेट ग्राहकांसमोर आणणाऱ्या या लिलावांमुळे शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला आणि नव्या बाजारपेठेची दिशाही त्यांना कळली.

बांध्यात बदल घडवण्यासाठी बाहेरचे रक्त आणले गेले. इ.स. १९४५ मध्ये पूर्व प्रशियातून निर्वासितांबरोबर पश्चिमेकडे आलेल्या ट्राकेनर जातीच्या घोड्यांतील आबग्लान्झ व झेंपर इडेम यांसारखे नर त्सेलेत वापरले गेले. त्यांच्या जोडीला थरोब्रेड नरही निवडण्यात आले. दोन-तीन पिढ्यांत नांगर ओढणाऱ्या घोड्याची जागा लांब पायांच्या, लवचीक चालीच्या घोड्याने घेतली.

पैदास पद्धती

खुली नोंदवही

थरोब्रेड किंवा अरबी जातींची नोंदवही बंद असते; आईवडील दोघेही त्याच जातीचे असल्याशिवाय शिंगराची नोंद होत नाही. हानोव्हेरियन नोंदवही याउलट खुली आहे. ठरलेल्या निकषांवर उतरल्यास थरोब्रेड, ट्राकेनर, होल्स्टाइनर, ओल्डेनबुर्गर आदी जातींच्या घोड्यांना पैदाशीत प्रवेश मिळू शकतो. त्यामुळे हानोव्हेरियन ही केवळ रक्ताच्या शुद्धतेवर आधारलेली जात नसून समान उद्दिष्ट आणि समान निवड-पद्धती यांवर उभी असलेली जात आहे. जर्मन वंशावळीत थरोब्रेड घोड्याच्या नावापुढे 'एक्सएक्स' व अरबी घोड्याच्या नावापुढे 'ओएक्स' ही खूण लिहितात, जेणेकरून बाहेरचे रक्त कोठे आले हे वाचकाला लगेच कळते.

नरांची निवड

सुमारे अडीच वर्षांचे निवडक नर फेर्डन येथे समितीपुढे आणले जातात. त्यांची शरीररचना, मोकळेपणी चालताना दिसणारी चाल आणि स्वाराविना मारलेल्या उड्या यांचे परीक्षण होते. पशुवैद्यकीय तपासणीत सांध्यांची क्ष-किरण छायाचित्रेही पाहिली जातात. यातून पात्र ठरलेल्या नराला पुढे स्वारीखालील कार्यक्षमता परीक्षा द्यावी लागते. त्सेलेजवळील आडेलहाइड्सडोर्फ हे अशा परीक्षांचे जुने केंद्र आहे. जन्मलेल्या नरांपैकी फार थोडे ही चाळणी पार करतात. उरलेले बहुतेक खच्ची करून स्वारीसाठी वापरले जातात.

घोड्यांच्या माद्यांची निवड

घोडीची नोंद करताना तिची शरीररचना व चाल यांना गुण दिले जातात. त्यानंतरच्या कार्यक्षमता परीक्षेत तिन्ही चाली, मोकळी उडी आणि स्वाराला मिळणारा प्रतिसाद पाहिला जातो. दोन्हींत सरस ठरलेल्या घोडीला 'राज्य पारितोषिक घोडी' असा सन्मान मिळू शकतो. नराची शेकडो शिंगरे होऊ शकतात, तर घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असून तिला एका वेळी साधारणपणे एकच शिंगरू होते. त्यामुळे नराची कीर्ती लवकर पसरते; घोडीचे मोल मात्र एकाच शेतकरी कुटुंबात पिढ्यान्पिढ्या जपलेल्या मातृवंशावरून ठरते.

रक्तरेषा

आद्याक्षरांची प्रथा

हानोव्हेरियन शिंगराचे नाव प्रथेप्रमाणे पित्याच्या नावाच्या आद्याक्षराने सुरू होते. त्यामुळे पितृवंश अक्षरांवरून ओळखले जातात आणि पैदासकार 'डी वंश', 'डब्ल्यू वंश' अशा भाषेत बोलतात. ही प्रथा सोयीची असली, तरी ती केवळ पित्याकडील एकच धागा दाखवते. प्रत्यक्षात शिंगराचा निम्मा वारसा आईकडून येतो. म्हणून जाणकार घोड्याची ओळख पिता व मातामह ही दोन नावे जोडून करून देतात.

डी वंश

या वंशाचा मूळपुरुष डेव्हिल्स ओन हा थरोब्रेड होता. त्याच्या वंशजांत डेटेक्टिव्ह, डोल्मान व डुएलांट हे नर गाजले. ड्रेसाजच्या दृष्टीने या वंशातील सर्वांत प्रभावी नाव डोनरहाल (जन्म १९८१) हे आहे. तो ओल्डेनबुर्गर नोंदवहीतील घोडा असला, तरी त्याचा पितृवंश हानोव्हेरियन होता. कारिन रेबाइन यांच्या स्वारीखाली त्याने सर्वोच्च स्तरावर यश मिळवले आणि त्याच वेळी पैदाशीतही नाव कमावले. त्याचा पुत्र डी निरो (जन्म १९९३, मातामह आकझेंट दुसरा) हा हानोव्हेरियन नर पुढे ड्रेसाज घोड्यांचा जगप्रसिद्ध जनक ठरला. डी निरोचा पुत्र डेस्पेराडोस (जन्म २००१) याने क्रिस्टिना ब्रोरिंग-श्प्रेहे यांच्यासह २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण व वैयक्तिक कांस्य पदक मिळवले.

एफ व डब्ल्यू वंश

फ्लिंग, फायनर केर्ल व फर्डिनांड (जन्म १९४१) या नरांच्या मालिकेतून हा वंश वाढला. फर्डिनांडच्या वंशजांत डब्ल्यू आद्याक्षराची शाखा विशेष फोफावली. वोरमान, त्याचा पुत्र वर्ल्ड कप पहिला आणि त्याचा पुत्र वेल्टमायर (जन्म १९८४, मातामह आबझात्झ) अशी ही परंपरा आहे. त्सेलेत राहिलेला वेल्टमायर हा विसाव्या शतकाच्या अखेरीस ड्रेसाज पैदाशीवर मोठा ठसा उमटवणारा नर मानला जातो. उंच, तोलदार दुडकी आणि देखणेपणा ही त्याच्या संततीची ओळख होती.

ए वंश

आबग्लान्झ या ट्राकेनर नराचा पुत्र आबझात्झ (जन्म १९६०) याच्यापासून हा वंश नावारूपाला आला. युद्धोत्तर काळात जड बांध्याच्या घोड्यांना हलकेपणा देण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याचा पुत्र आर्गेंटान आणि नातू आर्गेंटिनुस यांनी वंश पुढे नेला. वेल्टमायरचा मातामह म्हणूनही आबझात्झचे नाव ड्रेसाजच्या वंशावळींत वारंवार येते.

बी वंश

ब्लॅक स्काय या थरोब्रेड नराचा पुत्र बोलेरो (जन्म १९७५) हा या वंशाचा प्रवर्तक होय. स्वारीला सोपा स्वभाव व लवचीक चाल यांसाठी त्याची संतती ओळखली गेली. त्याचा पुत्र ब्रेंटानो दुसरा (मातामह ग्रांडे) याची कन्या ब्रेंटिना हिने अमेरिकेच्या डेबी मॅकडॉनल्ड यांच्यासह २००३ मध्ये ड्रेसाज विश्वचषकाची अंतिम स्पर्धा जिंकली आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सांघिक कांस्य पदक मिळवले.

जी वंश

गोल्डफिश दुसरा, त्याचा पुत्र गोथार्ड (जन्म १९४९) आणि ग्रांडे ही या अक्षराची प्रमुख नावे आहेत. गोथार्डची ख्याती उड्या मारणाऱ्या घोड्यांचा जनक म्हणून आहे.

थरोब्रेड प्रवर्तक

डेर लोव्हे या थरोब्रेड नरापासून एल आद्याक्षराचा वंश निघाला. लुगानो हे त्यातील परिचित नाव आहे. मूळ नावातील 'डेर' हे केवळ जर्मन उपपद असल्याने संततीसाठी 'लोव्हे' या शब्दाचे अक्षर घेतले गेले. पिक आस या थरोब्रेडपासून पिक कोनिग व पिक बुबे यांची शाखा निर्माण झाली.

ड्रेसाजमधील कामगिरी

ड्रेसाजमध्ये घोड्याला ठरावीक हालचाली लयीत, तोलात आणि वरकरणी स्वाराच्या सूचनेविना केल्याप्रमाणे सादर कराव्या लागतात. सर्वोच्च म्हणजे ग्रां प्री स्तरावर जागच्या जागी दुडकी, संथ व उंच दुडकी आणि मागच्या पायांभोवती दौडत घेतलेली गिरकी यांचा समावेश होतो. यासाठी वजन मागच्या पायांवर पेलण्याची ताकद आणि वर्षानुवर्षांचे प्रशिक्षण सहन करणारा स्वभाव लागतो.

गिगोलो (जन्म १९८३, पिता ग्राडित्झ, मातामह थरोब्रेड बुस्टेनी) हा या जातीचा सर्वांत यशस्वी ड्रेसाज घोडा मानला जातो. इझाबेल वेर्थ यांच्यासह त्याने १९९२, १९९६ व २००० च्या ऑलिंपिकमध्ये मिळून चार सुवर्ण व दोन रौप्य पदके मिळवली. वेर्थ यांच्याच साचमो या हानोव्हेरियन घोड्याने २००८ मध्ये सांघिक सुवर्ण व वैयक्तिक रौप्य पदक मिळवले. नेदरलँड्सच्या आंकी फान ग्रुन्सफेन यांनी सालिनेरो (पिता सालिएरी) या हानोव्हेरियन घोड्यावर २००४ व २००८ चे वैयक्तिक सुवर्ण जिंकले. डोरोथे श्नायडर यांच्या शोटाइमने रिओ व टोकियो या दोन्ही ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या सुवर्णविजेत्या संघात भाग घेतला. 'एफआरएच' ही अक्षरे काही घोड्यांच्या नावापुढे दिसतात. ती हानोव्हेरियन घोड्यांवरील अश्वक्रीडेला प्रोत्साहन देणाऱ्या संस्थेची खूण आहे.

गिगोलो, साचमो व सालिनेरो हे तिघेही खच्ची केलेले घोडे होते. त्यांची संतती नाही. त्यांच्यातील गुण पुढे नेण्याचा मार्ग त्यांचे आईवडील, भावंडे आणि मातृवंश यांच्यातूनच जातो. नामांकित नरांच्या यादीइतकेच घोड्यांच्या माद्यांच्या नोंदींना महत्त्व का दिले जाते, हे यावरून स्पष्ट होते.

उड्यांच्या स्पर्धांतही या जातीचे योगदान मोठे आहे. आल्विन शोकेमोले यांचा वॉरविक रेक्स १९७६ मध्ये वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णविजेता ठरला. पाउल शोकेमोले यांचा डाइस्टर १९८१, १९८३ व १९८५ मध्ये युरोपीय विजेता होता.

पैदाशीपुढील प्रश्न

कृत्रिम रेतनाचा परिणाम

पूर्वी नराला हंगामभर एका पैदास ठाण्यावर राहावे लागे आणि त्याचा प्रभाव त्या परिसरापुरता मर्यादित असे. त्यामुळे वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे वंश टिकून राहिले. कृत्रिम रेतन रूढ झाल्यावर वीर्य दूरवर पाठवता येऊ लागले. शेतकऱ्याला देशातील कोणताही नर निवडण्याची मोकळीक मिळाली, पण बहुतेकांची पसंती त्याच मोजक्या नरांकडे वळू लागली. डोनरहाल किंवा वेल्टमायर यांची नावे एकाच वंशावळीत आई व वडील या दोन्ही बाजूंना येणे आता नवलाचे राहिलेले नाही. सगोत्र संबंध वाढल्यास सुप्त दोष उघड होण्याची शक्यता वाढते.

काळाचे अंतर

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ग्रां प्री स्तरावर घोडा किमान आठ वर्षांचा असावा लागतो. तीन वर्षांच्या वयात पैदाशीला लावलेल्या नराची पहिली शिंगरे त्या स्तरावर पोहोचतात तेव्हा तो स्वतः किमान बारा वर्षांचा असतो. तोपर्यंत फॅशननुसार त्याचा प्रचंड वापर झालेला असतो किंवा तो विस्मरणात गेलेला असतो. लिलावात तरुण घोड्याची भव्य दुडकी चटकन नजरेत भरते. परंतु तोल सावरण्याची ताकद, निरोगी सांधे व सहनशील वृत्ती यांची परीक्षा पुढे अनेक वर्षांनी होते. संततीच्या व नातलगांच्या कामगिरीवरून पैदास-मूल्याचा अंदाज काढण्याची संख्याशास्त्रीय पद्धत हे अंतर काही प्रमाणात भरून काढते.

आनुवंशिक विकार

'वॉर्मब्लड फ्रॅजाइल फोल सिंड्रोम' हा संयोजी ऊतींचा घातक विकार हानोव्हेरियनसह अनेक वॉर्मब्लड जातींत आढळतो. बाधित शिंगराची त्वचा अत्यंत नाजूक असते व ते जगू शकत नाही. दोष सुप्त असल्याने एकच सदोष जनुक असलेला घोडा निरोगी दिसतो. असे दोन वाहक एकत्र आल्यास शिंगरू बाधित होण्याची शक्यता २५ टक्के असते. जनुकीय चाचणीने वाहक ओळखता येतात. वाहकांना सरसकट बाद केल्यास उपयुक्त रक्तही गमावले जाते, म्हणून दोन वाहकांची जोडी टाळणे हा व्यवहार्य उपाय मानला जातो.

विशेषीकरण

पूर्वी एकाच घोड्याकडून ड्रेसाज व उड्या या दोन्हींची अपेक्षा असे. आता दोन्हींसाठी पैदास बरीचशी वेगळी झाली आहे. त्यामुळे प्रत्येक प्रकारात कामगिरी उंचावली, पण जातीच्या आत दोन गट पडून प्रत्येकातील जनुकीय विविधता कमी झाली. जुन्या काळी दर काही पिढ्यांनी थरोब्रेडचे रक्त घेतले जाई. त्याची शिंगरे लगेच दिखाऊ चाल दाखवत नसल्याने आता पैदासकार त्याकडे वळण्यास कचरतात.

इतर जातींवरील प्रभाव

वेस्टफालियन जात विसाव्या शतकात मुख्यतः हानोव्हेरियन रक्तावर उभी राहिली. मेक्लेनबुर्ग, ब्रांडेनबुर्ग व ऱ्हाइनलँड येथील वॉर्मब्लड पैदाशीतही हानोव्हेरियन नरांचा मोठा वापर झाला. इ.स. १९७८ मध्ये अमेरिकन हानोव्हेरियन सोसायटी स्थापन झाल्यावर युरोपबाहेरही त्याच निकषांवर नोंदणी व परीक्षा सुरू झाल्या.

त्सेलेचे केंद्र आज नीडर जाक्सन राज्याच्या मालकीचे असून तेथील नरांची शरद ऋतूतील संचलने लोकप्रिय आहेत. फेर्डन येथे जर्मन अश्व संग्रहालय आहे.